उपेक्षित बालकांच्या सेविका : डॉ. मारिया मॉन्टेसरी

मॉन्टेसरी हा शब्द आज आपल्याकडे लहानमोठ्या प्रत्येक शहरात पाट्यांवर वाचावयास मिळतो. आपली नातवंडे ज्या बालशाळेत जातात, तिच्या नावातही तो बहुधा असतोच. परंतु हे एका स्त्रीचे आडनाव आहे, ती स्त्री प्रथम डॉक्टर होती, आणि तिच्या कार्याचा आरंभ सुखवस्तू घरांतील मुलांपासून न होता वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या मुलांपासून झाला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. दिव्यांग व्यक्ती आणि लहान बालके या दोन्ही घटकांची सेवा समाजाने कशी करावी, याचा विचार करताना डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे चरित्र अत्यंत उद्बोधक ठरते. म्हणून ते येथे संक्षेपाने सादर करीत आहे.

जन्म व शिक्षण

मारियाबाईंचा जन्म इटली देशातील किआराव्हाले या लहानशा गावी 31 ऑगस्ट 1870 रोजी झाला. वडील सरकारी तंबाखू खात्यात हिशेबाचे काम पाहणारे अधिकारी होते. आई रेनिल्दे या वाचनाची आवड असलेल्या, सुशिक्षित गृहिणी होत्या. वडिलांच्या बदलीमुळे 1875 मध्ये हे कुटुंब रोम या राजधानीच्या शहरी स्थायिक झाले. त्या काळी इटलीत मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, अशी समजूत होती. मारियाबाईंनी मात्र मुलांच्या तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला आणि पुढे वैद्यकशास्त्र शिकण्याचा निर्धार केला. वडिलांना हे रुचले नाही. आईने मात्र अखेरपर्यंत पाठराखण केली.

रोम विद्यापीठात पुरुष विद्यार्थ्यांसमवेत एका तरुणीने शवविच्छेदन करावे, हे तेव्हा असभ्य मानले जाई. त्यामुळे वर्ग संपल्यावर, सायंकाळी, प्रेतांच्या सहवासात एकटीने त्यांना ते काम करावे लागे. 1896 मध्ये त्या वैद्यकीय पदवीधर झाल्या. इटलीतील अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते.

रिकामी खोली

पदवीनंतर त्या विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करू लागल्या. त्या कामानिमित्त त्यांना रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. ज्या मुलांची बौद्धिक वाढ खुंटलेली आहे, ज्यांना नीट बोलता येत नाही किंवा ज्यांना फिट्स येतात, अशी मुले तेथे प्रौढ मनोरुग्णांबरोबर ठेवलेली असत. त्यांच्यासाठी शाळा नव्हती आणि बहुतेकांना घरही उरले नव्हते.

एके ठिकाणी मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या बाईने त्यांच्याकडे तक्रार केली की, ही मुले इतकी हावरट आहेत की जेवण झाल्यावरही जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे वेचीत बसतात. मारियाबाईंनी त्या खोलीकडे नीट पाहिले. खोलीत चार भिंतींखेरीज काहीच नव्हते. एक खेळणे नाही, हातात धरण्याजोगी एक वस्तू नाही. मुलांचे पोट भरलेले होते. उपाशी होते ते त्यांचे हात. ते तुकडे खाण्यासाठी नसून चाचपण्यासाठी, वळण्यासाठी, खेळण्यासाठी ते वेचीत होते. ज्या वर्तनास ती बाई हावरटपणा म्हणत होती, त्यात या तरुण डॉक्टरला बुद्धीची भूक दिसली. त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचे बीज या एका निरीक्षणात आहे.

त्यांनी जुने ग्रंथ धुंडाळले. फ्रान्समधील डॉ. इतार आणि त्यांचे शिष्य डॉ. सेगँ यांनी पूर्वी मूकबधिर व बौद्धिकदृष्ट्या दुर्बल मुलांना शिकविण्याचे प्रयोग केले होते. त्यांचे ग्रंथ मारियाबाईंनी संपूर्णपणे स्वहस्ते इटालियन भाषेत उतरवून काढले. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची अधिक गरज आहे, असा विचार त्यांनी 1898 मध्ये तुरीन येथील शिक्षक परिषदेत मांडला. पुढे 1900 मध्ये रोम येथे अशा मुलांच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली व तिच्या दोन संचालकांपैकी एक म्हणून त्यांची नेमणूक झाली. सकाळी आठपासून सायंकाळी सातपर्यंत त्या स्वतः मुलांना शिकवीत आणि रात्री दिवसभराच्या नोंदी लिहीत. लाकडी अक्षरे, रंगीत ठोकळे, गुंडी लावण्याच्या चौकटी अशी साधने त्यांनी तयार करविली. अक्षर आधी बोटाने गिरवावे, मग डोळ्यांनी ओळखावे, मग हाताने लिहावे, असा क्रम त्यांनी बसविला.

याचे फळ सर्वांस चकित करणारे निघाले. ज्यांना कोणी शाळेच्या दारात उभे करीत नव्हते, त्यांतील काही मुले सार्वजनिक शाळेची लेखनवाचनाची परीक्षा सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने उत्तीर्ण झाली. लोकांनी मारियाबाईंचे कौतुक केले. त्या मात्र वेगळ्याच विचारात पडल्या. दुर्बल मुले योग्य साहाय्याने येथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुले इतकी मागे का, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करू लागला.

एक दुःखद पान

याच काळातील एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. 1898 मध्ये मारियाबाईंना पुत्र झाला. एका सहकारी डॉक्टरांशी त्यांचा स्नेह होता. परंतु विवाह झाला नाही. त्या काळच्या समाजात अविवाहित मातेस डॉक्टर म्हणून वा शिक्षिका म्हणून उभे राहणे अशक्य होते. म्हणून मारियो या त्यांच्या मुलास खेड्यातील एका कुटुंबात वाढविण्यास देण्यात आले. आई अधूनमधून येऊन त्यास भेटून जाई. इतरांच्या टाकलेल्या मुलांसाठी अहोरात्र झटणाऱ्या या मातेस स्वतःचे बाळ जवळ घेता आले नाही. पुढे त्यांच्या आईच्या निधनानंतर, मारियो साधारण पंधरा वर्षांचा असताना, त्या त्याला आपल्याजवळ घेऊन आल्या. परंतु तेव्हाही जगापुढे त्याची ओळख पुत्र म्हणून करून देता आली नाही. या मुलाने नंतर आयुष्यभर आईच्या कार्याची धुरा वाहिली. 1901 मध्ये मारियाबाईंनी ती प्रशिक्षण संस्था सोडली व विद्यापीठात पुन्हा विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदवून तत्त्वज्ञान आणि शिक्षणशास्त्राचा अभ्यास सुरू केला.

चाळीतील बालगृह

रोममधील सॅन लोरेन्झो ही मजुरांची वस्ती होती. बांधकाम व्यवसायात मंदी आल्याने अर्धवट राहिलेल्या इमारतींत निर्धन कुटुंबे दाटीवाटीने राहत. एका कंपनीने या इमारती ताब्यात घेऊन त्यांची दुरुस्ती केली व कष्टकरी कुटुंबांना खोल्या भाड्याने दिल्या. आईबाप सकाळी कामावर जात, मोठी भावंडे शाळेत जात, आणि तीन ते सहा वर्षांची मुले दिवसभर जिन्यात हुंदडत. ती नव्या रंगविलेल्या भिंतींवर रेघोट्या मारीत आणि पोपडे काढीत. कंपनीचे प्रमुख एदुआर्दो तालामो यांनी विचार केला की, दरवर्षी भिंतींच्या दुरुस्तीवर जी रक्कम खर्ची पडते, तीच एका खोलीवर व एका बाईच्या वेतनावर खर्च केली तर मुलेही सांभाळली जातील आणि भिंतीही राहतील. हे काम त्यांनी मारियाबाईंकडे सोपविले.

व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांनी या जमाखर्चाकडे अवश्य लक्ष द्यावे. या कार्यासाठी कोणी मोठी देणगी काढली नव्हती. नुकसानीच्या खाती जाणारी रक्कम सेवेच्या खाती वळविली, एवढेच झाले. आपल्या इमारतींत, दुकानांत व संस्थांतही अशी रक्कम शोधल्यास सापडते.

6 जानेवारी 1907 रोजी ही शाळा उघडली. तिचे नाव बालकांचे घर अशा अर्थाचे ठेवण्यात आले. सुमारे पन्नास मुले होती. त्यांतील बरीचशी रडवेली आणि भेदरलेली. फी नव्हती, परंतु पालकांसाठी नियम भिंतीवर लावलेले होते. मुलास स्वच्छ करून पाठवावे, शिक्षिकेशी आदराने वागावे आणि आठवड्यातून एकदा तरी मातेने तिची भेट घेऊन मुलाविषयी बोलावे. शिक्षिकेने त्याच इमारतीत राहावे, जेणेकरून ती शेजारीण होईल. मातांना कामावरून येताजाता केव्हाही वर्गात डोकावता येई. फुकट मिळते त्याची किंमत राहत नाही, असे आपण म्हणतो. येथे पैशाऐवजी कर्तव्याच्या रूपाने मूल्य घेतले गेले, म्हणून पालक त्या शाळेस आपली मानू लागले.

पूर्वी दुर्बल मुलांसाठी बनविलेली साधने मारियाबाईंनी येथे आणली. मुलांच्या उंचीच्या खुर्च्या, त्यांना स्वतः उचलता येतील अशी मेजे, हात पोहोचेल अशी कपाटे त्यांनी करविली. एके दिवशी शिक्षिका कपाटास कुलूप लावण्यास विसरली. दुसऱ्या दिवशी ती उशिरा पोहोचली तेव्हा मुलांनी आपापले साधन स्वतः काढून काम सुरू केले होते. तिला ही चोरी वाटली. मारियाबाईंना त्यात मुलांची निवडशक्ती दिसली. त्यानंतर कपाटे उघडी राहू लागली.

एकदा त्यांनी मुलांना आवाज न करता, रुमाल दाखविण्याचा दिमाख न करता नाक कसे स्वच्छ करावे हे शिकविले. धडा संपताच सर्व मुलांनी टाळ्या वाजविल्या. शेंबड्या म्हणून ही मुले सदैव हिणविली गेली होती. पण त्यांना अपमान न करता कोणी ते शिकविलेच नव्हते. सेवा करताना समोरच्याचा मान राखणे किती महत्त्वाचे आहे, याचे याहून साधे उदाहरण मला ठाऊक नाही.

त्यांच्या साधनांत कापडाचे तुकडेही होते. मखमल, रेशीम, लोकर, सुती, ताग अशा कापडांच्या जोड्या करून मुलाचे डोळे बांधीत आणि केवळ स्पर्शाने त्याने जोड्या लावाव्यात असे सांगत. आयुष्यभर गादीवर बसून कापड विकणारास हे वाचून मोठे नवल वाटते. गिऱ्हाईक डोळ्यांनी रंग पाहते, पण निर्णय अंगठा आणि तर्जनी यांमध्ये पोत चुरून घेते, हा आमचा रोजचा अनुभव आहे. हे ज्ञान त्या तीन वर्षांच्या मुलांना देत होत्या. आणि दृष्टिहीन मुलासही या खेळात इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा असेच त्याचे स्वरूप आहे.

त्या वर्षाच्या डिसेंबरात, एका प्रसन्न दिवशी, मुले इमारतीच्या गच्चीवर खेळत होती. मारियाबाईंनी एका मुलास खडूने धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. चित्र काढल्यावर तो आनंदाने जमिनीवर शब्द लिहू लागला. त्याचे पाहून इतर मुलेही लिहू लागली. बोटांनी अक्षरे गिरविता गिरविता त्यांचे हात केव्हाच तयार झाले होते. निरक्षर मजुरांची चारपाच वर्षांची मुले लिहितात ही वार्ता देशोदेशी पसरली. 1909 मध्ये मारियाबाईंनी आपल्या पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. 1913 मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हा तेथे त्यांची कार्यसंस्था उभारण्यात टेलिफोनचे संशोधक ग्रॅहॅम बेल व त्यांच्या कर्णबधिर पत्नी मेबल यांनी पुढाकार घेतला. दृष्टी व श्रवण दोन्ही गमावलेल्या हेलन केलर यांचीही त्यांच्याशी भेट झाली.

भारतातील वास्तव्य

इटलीत मुसोलिनीची सत्ता आल्यावर आरंभी या शाळांना राजाश्रय मिळाला. परंतु बालकांना सैनिकी साच्यात घालण्याची सत्तेची इच्छा आणि मारियाबाईंचे विचार यांचा मेळ बसणे शक्य नव्हते. 1934 च्या सुमारास त्यांनी इटली सोडली व तेथील त्यांच्या शाळा बंद पडल्या. जर्मनीतही तेच घडले. 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्याने तेथूनही निघावे लागले व त्या हॉलंडमध्ये राहू लागल्या.

1939 च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारियोसह मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. पहिल्याच प्रशिक्षण वर्गास देशाच्या निरनिराळ्या भागांतून तीनशेच्या आसपास शिक्षक जमले. त्या इटालियन भाषेत बोलत व मारियो इंग्रजीत भाषांतर करीत. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने हे मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारियाबाईंना अड्यारच्या आवारात राहण्याचे बंधन पडले व मारियोस आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील छावणीत बंदिवासात ठेवण्यात आले. 31 ऑगस्ट 1940 रोजी मारियाबाईंना सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने व्हाइसरॉयकडून तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा पुत्र त्यांना परत देण्यात येत होता. जो शब्द जगापुढे उच्चारण्याची मुभा या मातेस चाळीस वर्षे मिळाली नव्हती, तो पुत्र हा शब्द अशा रीतीने परक्या सरकारच्या तारेतून उघडपणे लिहिला गेला.

1946 पर्यंत त्या भारतात राहिल्या व नंतर पुन्हा येऊन 1949 पर्यंत त्यांनी येथे कार्य केले. अड्यार, कोडाईकनाल, अहमदाबाद, कराची आदी ठिकाणी झालेल्या वर्गांतून एक हजाराहून अधिक शिक्षक तयार झाले. अहमदाबादच्या साराभाई या जैन कुटुंबाचा त्यांच्याशी जुना ऋणानुबंध होता. कॅलिको मिलचे अंबालाल साराभाई आणि सरलादेवी यांनी आपल्या आठ मुलांसाठी मारियाबाईंच्या विचारांनुसार घरीच शाळा चालविली होती. त्याच शाळेत पुढे भारताच्या अवकाश संशोधनाचे जनक ठरलेले विक्रम साराभाई शिकले. एकेकाळी आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानांत कॅलिकोचे तागे असत. त्या मिलच्या मालकांचे हे अंग मात्र आपल्याला फारसे परिचित नसते.

नाव राहिले, कार्य?

तीन वेळा नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. पुरस्कार मिळाला नाही. 6 मे 1952 रोजी हॉलंडमधील नॉर्डवेक येथे वयाच्या 81 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफनही तेथेच झाले. पुढे 1990 मध्ये इटलीने हजार लिरांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

नोटेवर चित्र आले, पाट्यांवर नाव आले. परंतु वेड्यांच्या इस्पितळातील जी मुले या कार्याचा उगम होती, तीच पुढे मागे राहिली. मजुरांच्या चाळीत विनामूल्य सुरू झालेली शाळा अनेक ठिकाणी महागड्या फीची शाळा झाली. मॉन्टेसरी या नावावर कोणाची मालकी नसल्याने ते कोणीही लावू शकतो, आणि पाटीखालच्या वर्गात चार वर्षांची मुले हाताची घडी घालून पाठांतर करताना दिसतात. वेगळ्या क्षमतेच्या मुलास तर अशा शाळेच्या प्रवेशालाच नकार मिळतो. मारियाबाईंच्या नावाखाली होणारा हा त्यांच्या कार्याचा पराभव आहे.

मूळ वाट धरून चालणारेही झाले. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर काढले. तेथे त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये डहाणूजवळील बोर्डी येथे व 1957 पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी व दलित वस्त्यांतील बालकांसाठी कार्य केले. महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने यांची साधने बनविली. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून रूढ झाला, आणि 2 ऑक्टोबर 1975 पासून केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. जर्मनीत म्युनिक येथे डॉ. थिओडोर हेलब्रुग्गे यांनी 1970 मध्ये दिव्यांग व सर्वसाधारण मुलांची एकत्र मॉन्टेसरी शाळा सुरू करून विसरलेला धागा पुन्हा जोडला. आपल्या देशात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आहेत. त्यात विहित प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलास परिसरातील शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. सहा वर्षांपूर्वीचा अत्यंत महत्त्वाचा काळ मात्र अद्याप बहुतांशी कुटुंबावर आणि शेजाऱ्यांवरच सोडलेला आहे. तेथेच समाजाचे काम सुरू होते.

आपण बहुधा वर्षातून एकदा अशा मुलांच्या संस्थेत जातो, फळे व मिठाई वाटतो, छायाचित्र काढून परततो. त्यामागील भावना शुद्ध असते. परंतु मारियाबाईंच्या चरित्रातून दानाचे मोजमाप घेण्याची एक वेगळी पट्टी हाती येते. आपण काय दिले यापेक्षा आपण निघून आल्यावर तो मुलगा स्वतःच्या हाताने काय करू लागला, हे पाहावे. ज्यास घास भरविला त्यास चमचा धरता आला का? ज्याचे बटण आपण लावून दिले त्यास ते स्वतः लावता आले का? यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. रिकामी पडलेली एक खोली, बुटकी कपाटे, दाराशी पायरीऐवजी उतार, आठवड्यातून एकदा मातांची बैठक, आणि मुलाजवळ शांतपणे बसून त्याच्याकडे पाहणारी एक व्यक्ती, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. ज्या घरात असे मूल आहे त्या मातेस आठवड्यातील दोन तास निश्चिंतपणे बाजारात वा देवदर्शनास जाता आले, तरी तीही मोठीच सेवा होय.

आपल्या नात्यागोत्यांतही अशी मुले आहेत. लग्नसमारंभात ती बहुधा आतल्या खोलीत बसविली जातात. त्यांच्या हाती काय आहे, हे एकदा तरी आत जाऊन आपण पाहावे.